‘अगदी तेव्हासारखे’ म्हणजे कोणासारखे? सीआरटी शेडर आणि मराठवाड्यातील टीव्हीचा न लिहिलेला इतिहास

१/२४
१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आज जालन्यात कोणाच्याही लॅपटॉपवर एम्युलेटरच्या साहाय्याने चालतो. त्यात ‘सीआरटी’ हा पर्याय निवडला की चित्राच्या कडा फुगीर होतात, आडव्या काळ्या रेषा उमटतात, रंग एकमेकांत किंचित मिसळतात. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर झळकते आणि खाली मथळा येतो: ‘अगदी तेव्हासारखे!’ हा धागा त्या मथळ्याविरुद्ध आहे. ‘तेव्हा’ म्हणजे केव्हा, आणि कोणाच्या घरात? हा प्रश्न विचारला की मथळ्यातील दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/२४
प्रथम दोन शब्द. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली. तिच्यामुळे जुना खेळ नव्या संगणकावर चालतो. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारी छोटी आज्ञावली; ती पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग गणिताने ठरवते. सीआरटी शेडर खेळाचे मूळ चित्र घेतो आणि तेच चित्र काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबवर कसे दिसले असते, याचा हिशेब मांडून दाखवतो. म्हणजेच तो एक अनुमान सादर करतो. अनुमान आले की पुरावा मागणे ओघानेच आले.

३/२४
पिक्चर ट्यूबचे मूळ १८९७ मधील आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फर्डिनंड ब्राउन यांनी कॅथोड किरणांची नळी प्रयोगशाळेचे साधन म्हणून बनवली. पुढे तिचाच टीव्ही झाला. नळीच्या मागील टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो, विद्युतचुंबके त्याला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वळवतात, आणि समोरच्या काचेला आतून लावलेले फॉस्फर जिथे झोत पडेल तिथे क्षणभर उजळते. संपूर्ण चित्र कोणत्याही एका क्षणी पडद्यावर नसतेच. ते रेषेरेषेने लिहिले जाते आणि पाहणाऱ्याचा डोळा ते जोडून घेतो.

४/२४
रंगीत ट्यूबमध्ये तीन झोत आणि तीन रंगांचे फॉस्फर असते. प्रत्येक झोत आपापल्याच रंगावर पडावा म्हणून काचेमागे बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवलेली असते. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९५० मध्ये ही ‘शॅडो मास्क’ पद्धती जगासमोर आणली. सोनीने १९६८ मध्ये ‘ट्रिनिट्रॉन’मध्ये छिद्रांऐवजी उभ्या तारांची जाळी वापरली. कृष्णधवल ट्यूबला मात्र अशी जाळीच नसते; तिचे फॉस्फर सलग असते. हा मुद्दा पुढे निर्णायक ठरणार आहे.

५/२४
आता आडव्या रेषांचे रहस्य. टीव्ही आधी विषम रेषा काढतो, मग त्यांच्या मधल्या सम रेषा. त्या काळच्या खेळयंत्रांनी या नियमाला बगल दिली. निन्टेंडोच्या यंत्राचे चित्र अवघे २५६ × २४० बिंदूंचे होते. यंत्र प्रत्येक फेरीत त्याच त्या रेषा पुन्हा लिहवून घेई. मधल्या जागा अंधाऱ्या राहत. शेडरप्रेमी ज्यांना ‘स्कॅनलाइन’ म्हणतात, त्या या न लिहिलेल्या जागा होत.

६/२४
म्हणून एका पक्षाचा दावा आधीच बाजूला सारला पाहिजे. तो पक्ष म्हणतो की जुन्या खेळांचे खरे रूप म्हणजे धारदार चौकोनी पिक्सेल, आणि बाकी सर्व धूसरपणा ही उपरी भर. हे चूक आहे. चित्रकार ट्यूबसाठी चित्र काढत होते. १९९१ च्या ‘सॉनिक’मधील धबधबा मूळ स्मृतीत केवळ उभ्या पट्ट्यांचा आहे, टीव्हीच्या साध्या जोडणीतून जाताना त्या पट्ट्या विरघळत आणि पाणी पारदर्शक भासे. चौकोनी पिक्सेल ही खेळाच्या स्मृतीतील आकडेवारी आहे. खेळणाऱ्यांनी ती त्या रूपात कधी पाहिली नव्हती.

७/२४
इथवर शेडरवाले बरोबर आहेत, आणि त्यांचे काम थोर आहे. ‘ब्लार्ग’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने अमेरिकी एनटीएससी संदेशातील रंगांची सरमिसळ गणितात उतरवली. ‘सीआरटी-जिऑम’ने काचेचा बाक दाखवला. २०१४ च्या ‘सीआरटी-रॉयल’ने जाळीच्या निरनिराळ्या प्रकारांपर्यंत तपशील नेला. टिमोथी लॉट्स यांनी आपला शेडर सर्वांसाठी खुला केला. हे बहुतांश काम हौसेने झाले आणि विनामूल्य वाटले गेले. त्यामुळे आक्षेप गणितावर नाही. आक्षेप आहे तो त्या गणितासाठी निवडलेल्या नमुन्यावर आणि त्याला चिकटवलेल्या ‘अस्सल’ या बिरुदावर.

८/२४
नमुना कोणता? शेडरांच्या चर्चांमध्ये आदर्श म्हणून पुन्हा पुन्हा येते ती सोनीची पीव्हीएम मालिका. हे मॉनिटर टीव्ही केंद्रांच्या संपादन कक्षांत आणि रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत असत. लाल, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र संदेश त्यांना थेट मिळत, म्हणून चित्र स्वच्छ आणि रेषा कोरीव. दुसरा आदर्श म्हणजे अमेरिकी किंवा जपानी दिवाणखान्यातील मोठा ट्रिनिट्रॉन. जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या कोणत्या घरात १९९३ साली मुलांना खेळायला पीव्हीएम होता? आज शौकिनांनी जो मॉनिटर सर्वोत्तम ठरवला, तोच सर्वांचा भूतकाळ म्हणून दाखवला जात आहे.

९/२४
भेद केवळ श्रीमंतीचा नाही, संदेशाच्या रचनेचाही आहे. अमेरिका व जपानची एनटीएससी पद्धती ५२५ रेषांची, सेकंदाला सुमारे ६० फेऱ्यांची. भारताने स्वीकारलेली पॅल पद्धती ६२५ रेषांची, ५० फेऱ्यांची. जर्मनीतील टेलिफुंकनचे अभियंते वॉल्टर ब्रुख यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ती विकसित केली. एनटीएससीत संदेश बिघडला की माणसाचा चेहरा हिरवट किंवा जांभळट होई. पॅलमध्ये एकाआड एक रेषेत रंगसंदेशाची दिशा उलटते. लागोपाठच्या दोन रेषांतील चुका एकमेकींना छेदतात आणि रंगछटा टिकून राहते. किंमत एवढीच, की उभ्या दिशेने रंगाचा बारकावा कमी होतो.

१०/२४
याचा अर्थ असा, की ‘एनटीएससी’ नावाचा पर्याय निवडून जो इंद्रधनुषी पाझर व डळमळती रंगछटा दाखवली जाते, ती भारतीय पॅल संचाची खूण नाही. पॅलच्या एका फेरीत २८८ दृश्य रेषा असतात. २४० रेषांचे चित्र त्यात मावून वर-खाली काळे पट्टे उरत आणि मारिओ थोडा बुटका दिसे. वेगही बदले. ६० फेऱ्यांसाठी लिहिलेला खेळ ५० च्या यंत्रावर चालला की तो आणि त्याचे संगीत सुमारे एक षष्ठांशाने मंदावत. आज ‘अस्सल’ म्हणून जो वेग एम्युलेटर देतो, तो या यंत्रांवरील वेग नव्हेच.

११/२४
शिवाय यंत्र तरी कोणते? निन्टेंडोचे मूळ यंत्र भारतात फार थोड्या घरांत पोहोचले. बाजारात राज्य होते त्याच्या नकलांचे: मीडिया, लिटल मास्टर आणि तशीच अनेक नावे. खेळाच्या डबीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. तीवर खेळांची संख्या लाखांत छापलेली असे, आत मोजके खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू होत. या नकलांच्या चिपा एकसारख्या नव्हत्या. काही चिपांची रचना मुद्दाम अशी होती, की ५० फेऱ्यांच्या टीव्हीवरही ६० साठी लिहिलेला खेळ मोडू नये. एखादे यंत्र एनटीएससी संदेश देणारे निघाले, तर केवळ पॅल ओळखणाऱ्या रंगीत टीव्हीवरही खेळ कृष्णधवल दिसे.

१२/२४
जोडणीचा प्रकार हा याहून मोठा घटक. साध्या संचाला चित्र-ध्वनीसाठी वेगळी छिद्रे नसत. यंत्राची तार थेट अँटेनाच्या जागी खोचावी लागे. म्हणजे खेळाचे चित्र आधी रेडिओलहरीवर चढे, टीव्हीचा ट्यूनर ते पुन्हा उतरवून घेई, आणि या चढ-उतारात बारकावे गळत. चॅनेल लावण्याचे चाक जरा सरकले की चित्रात मुंग्या येत, आवाजात घरघर येई. दाराजवळची अँटेना काढून गेमची तार लावायची आणि मालिकेच्या वेळी पुन्हा उलट अदलाबदल करायची, हा अनेक घरांतील रोजचा क्रम. या जोडणीत पीव्हीएमसारख्या कोरीव रेषा दिसणे शक्य नव्हते.

१३/२४
आणि सर्वांत मोठी विस्मृती: कृष्णधवल टीव्ही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले; देशात रंगीत प्रसारण १९८२ मध्ये आले. पण प्रसारण रंगीत झाले म्हणून घरातला संच रंगीत झाला नाही. स्वस्त कृष्णधवल पोर्टेबल संच पुढेही वर्षानुवर्षे विकले गेले. २००१ च्या जनगणनेत देशातील केवळ ३१.६ टक्के कुटुंबांकडे टीव्ही होता, मग तो कोणताही असो. अनेकांचा ‘काँट्रा’ राखाडी होता. लाल आणि निळ्या सैनिकांतला फरक हालचालीवरून ओळखावा लागे.

१४/२४
इथे चौथ्या भागातील मुद्दा कामास येतो. कृष्णधवल ट्यूबला जाळी नसते. म्हणून तिच्या चित्रात लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची वीण असूच शकत नाही. तिथे फक्त झोताने काढलेली सलग रेषा असते. आजच्या शेडरचा रंग शून्यावर आणून ‘जुना कृष्णधवल टीव्ही’ म्हणणे म्हणूनच चूक आहे, कारण जाळीची सावली तशीच राहते. शास्त्रीय दृष्टीने हा शेडर बनवणे रंगीतपेक्षा सोपे. तरीही शेडरांच्या लांबलचक याद्यांत त्याला मानाचे स्थान नाही. इतिहासात कोणाला नमुना मानले जाते आणि कोणाला नाही, याचे हे नेमके उदाहरण.

१५/२४
विजेचाही इतिहास चित्रात उतरतो. साध्या पॉवर सप्लायच्या संचात दाब कमी झाला की चित्र चारी बाजूंनी आकसे. म्हणूनच टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर ठेवण्याची पद्धत पडली. स्पीकर किंवा लोहचुंबक जवळ आले की कोपऱ्यात हिरवट-जांभळट डाग पडे. भारनियमनाने खेळ अर्ध्यावर तुटे, आणि खेळ जतन करण्याची सोय नसल्याने पहिल्या पातळीपासून पुन्हा सुरुवात. शेडरचे गणित या सर्वांना ‘दोष’ मानून वगळते. इतिहासकाराच्या लेखी मात्र हीच त्या स्थळाची आणि काळाची मोहोर आहे.

१६/२४
याच काळात शहरांतील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये निराळीच ट्यूब होती. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ भारतभर ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला गेला. चार नायकांपैकी एकाचे नाव सबंध खेळाला चिकटले. पार्लरच्या यंत्रातील मॉनिटरला रंगांचे तीन संदेश थेट मिळत आणि तो सुमारे ६० फेऱ्यांनी चाले. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, नाणे टाकून दिसणारे चित्र आणि घरी अँटेनाच्या तारेतून दिसणारे चित्र यांत तांत्रिक अंतर प्रचंड होते. ‘सीआरटी लुक’ असा एकवचनी शब्द हे अंतरच पुसून टाकतो.

१७/२४
आक्षेप पहिला: ही तर सजावट आहे, एवढे मनावर का घ्यावे? उत्तर सोपे. सजावट म्हणून कोणीही कोणताही शेडर लावावा. वाद सुरू होतो तो सजावटीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्यावर. मराठवाड्याला या गोष्टीचा जुना अनुभव आहे. जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या हद्दीत अजिंठा होते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना तिथली चित्रे जपण्यासाठी आणले.

१८/२४
त्यांनी सुटू पाहणारे थर भिंतीला पुन्हा घट्ट बसवले. ती सेवा मोलाची होती. पण चित्रांवर लाखेचे व्हार्निशही चढवले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, धूळ धरू लागले, आणि अजिंठ्याचे रंग असेच मातकट-सोनेरी असतात अशी समजूत रूढ झाली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला ते थर काळजीपूर्वक उतरवावे लागले. सद्हेतूने चढवलेला थर मूळ म्हणून मिरवू लागतो, तो असा. एखाद्या पिढीने फक्त पीव्हीएमसारखे ‘काँट्रा’ पाहिले, तर तिच्या लेखी १९९० चे दशक तसेच दिसत असणार.

१९/२४
आक्षेप दुसरा: पॅलचे, रेडिओ-जोडणीचे पर्यायही शेडरांत मिळतात, ज्याला हवे त्याने निवडावे. हे खरे आहे. परंतु बहुसंख्य लोक आयता मिळालेला पर्यायच वापरतात, आणि आयता पर्याय हेच पाठ्यपुस्तक होऊन बसते. शिवाय आकडे भरायला आधी मोजमाप हवे. युरोपातील पॅल संचांवरून घेतलेले अनुमान चौदा इंची भारतीय पोर्टेबलला लागू पडेल, याची खात्री मोजल्याशिवाय देता येत नाही.

२०/२४
आक्षेप तिसरा, आणि हाच सर्वांत बलवान: वाईट चित्राचे गोडवे कशाला? त्या मुलांना मुंग्या नको होत्या, स्वच्छ चित्रच हवे होते. हे मान्य केलेच पाहिजे. टंचाईला सौंदर्य म्हणून विकणे हाही खोटेपणाच. ‘मराठवाडा टीव्ही’ नावाने चित्र मुद्दाम घाण करणारा शेडर निघाला तर तोही तितकाच निषेधार्ह. मागणी चित्र बिघडवण्याची नाही. मागणी आहे ती नोंदीची: कोणी काय पाहिले, कोणत्या साधनातून, आणि तसे का. खेळताना स्वच्छ चित्र लावावे. इतिहास सांगताना ते ‘तेव्हाचे’ म्हणू नये.

२१/२४
पिक्चर ट्यूबच्या इतिहासात हा प्रदेश निव्वळ गिऱ्हाईक नव्हता. १ मे १९८१ पर्यंत जालना आणि पैठण हे तालुके एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होते. त्याच पैठण तालुक्यातील चितेगाव येथे धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना उभा राहिला. २००५ मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा रंगीत पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधील कारखाने तिच्या हाती आले. थॉमसनने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आरसीएचा टीव्ही व्यवसाय घेतला होता. म्हणजे शॅडो मास्क जन्माला घालणाऱ्या कंपनीचा वारसा फिरत फिरत गोदाकाठच्या या उद्योगसमूहापर्यंत आला. तोवर जग सपाट पडद्यांकडे वळले होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ट्यूबच्या अखेरच्या पर्वाचा हा अध्याय इतका जवळचा असताना ‘अस्सल’ ट्यूब मात्र केवळ टोकियोची मानली जाते.

२२/२४
काही गोष्टी शेडरच्या आवाक्याबाहेर आहेत. बदक मारण्याच्या खेळातील बंदूक गोळी सोडत नसे, प्रकाश पाहत असे: चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, नंतर बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळे आणि बंदुकीतील संवेदक तो टिपे. ट्यूबच्या झोताचा नेमका वेग असल्याशिवाय हे साधत नाही. म्हणून ती बंदूक आजच्या पडद्यावर मुकी आहे. झोताच्या झगमगीचे अनुकरण करणारा शेडर मार्क रेजन व टिमोथी लॉट्स यांनी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, पण त्यालाही अतिशय वेगवान पडदा लागतो. तात्पर्य, चालू स्थितीतील जुना टीव्ही हाच मूळ दस्तऐवज आहे. तो गेला की शेडर तपासून पाहायला काहीच उरत नाही.

२३/२४
आणि तो जात आहे. जालन्याला भंगाराचे मोल सांगावे लागत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या भंगार वितळवून बांधकामाच्या सळया बनवतात. पण ट्यूबच्या काचेत शिसे असते. ती फोडून टाकणे घातक, आणि २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत. संच योग्य ठिकाणी देण्यापूर्वी तासाभराचे काम पुरते. मागील पट्टीवरील मॉडेल क्रमांक टिपावा. अंधाऱ्या खोलीत, कॅमेरा स्थिर ठेवून, १/२५ सेकंदाच्या वेगाने पडद्याचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे पॅलच्या दोन्ही फेऱ्या त्यात येतील. जवळून घेतलेल्या दुसऱ्या छायाचित्रात जाळीची वीण दिसेल. कोणते यंत्र, कोणती तार, स्टॅबिलायझर होता का, हे लिहावे. जुन्या टीव्ही मेकॅनिकांच्या आठवणी आणि त्यांनी जपलेली सर्किटची कागदपत्रे स्कॅन करावीत. संच मात्र उघडू नये. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब साठून राहू शकतो.

२४/२४
शेडरांच्या आज्ञावली खुल्या आहेत. वरील नोंदी हाती असतील तर ‘चौदा इंची, पॅल, अँटेनाची जोडणी’ किंवा ‘बारा इंची कृष्णधवल’ असा पर्याय बनवायला कोणा परदेशी तज्ज्ञाची परवानगी लागत नाही. तो बनेपर्यंत किमान मथळ्यातील शब्द बदलावेत: ‘अगदी तेव्हासारखे’ऐवजी ‘सोनीच्या स्टुडिओ मॉनिटरसारखे’. एवढ्या प्रामाणिकपणाने खेळाची मजा तसूभरही कमी होत नाही. जुन्या नाण्यांची नक्कल विकणाऱ्याला इतिहासाचे अभ्यासक टाकसाळ विचारतात. जुन्या पडद्याची नक्कल पुढे करणाऱ्यालाही त्यांनी तोच प्रश्न विचारावा: हा पडदा कोणत्या घरातला?